काउंटर वाढवण्याआधी रांग मोजा: छोट्या दुकानासाठी रांगेचा हिशेब, पहिल्यापासून शेवटपर्यंत

दुकानात रांग वाढली की बहुतेक मालक दोनच गोष्टी करतात. एक तर माणूस वाढवतात, नाहीतर असलेल्या माणसाला ‘हात चालव’ म्हणून सांगतात. रांगेचा सिद्धांत (रांग आणि प्रतीक्षा यांचे गणित) वापरून हिशेब करणारेही पुष्कळदा पहिल्याच पायरीवर चुकतात. दिवसभराची बिले उघड्या तासांनी भागतात, उत्तर ठीक दिसते आणि रांग मात्र तिथेच राहते. चूक सूत्रात नसते. ती मोजणीत असते, आणि मोजणी चुकली की पुढचे कोणतेच सूत्र ती दुरुस्त करू शकत नाही. म्हणून या लेखात निम्मी जागा मोजणीला दिली आहे.

उदाहरणासाठी गोव्यात म्हापशातील शुक्रवारच्या बाजाराजवळची एक फार्मसी घेऊ. दोन काउंटर, एक फार्मासिस्ट आणि एक मदतनीस, सकाळी १० ते ११ सर्वांत जास्त गर्दी. आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील. पतसंस्था, मिठाईचे दुकान, पंचायतीतील दाखल्यांचा काउंटर, सगळीकडे पद्धत हीच.

टप्पा १: मोजायचे काय, ते आधी लिहून काढा

वही उघडण्यापूर्वी चार व्याख्या कागदावर उतरवा. मोजणारी माणसे दोन असतील तर दोघांनी त्या एकत्र वाचाव्यात.

१. ग्राहक म्हणजे कोण? आजी, मुलगा आणि नातू एकाच चिठ्ठीसाठी आले तर तो एक ग्राहक. शेजाऱ्यांच्या मिळून तीन चिठ्ठ्या घेऊन आलेली एकटी बाईसुद्धा एकच ग्राहक, फक्त तिची सेवा लांब चालेल. डोकी मोजायची नाहीत, काउंटरवर येणारी कामे मोजायची.

२. रांगेत न दिसणारी कामे कोणती? औषध कंपनीचा प्रतिनिधी (एमआर) काउंटरशी उभा राहून पाच मिनिटे बोलतो. घाऊक विक्रेत्याचा पोरगा खोकी आणून सही मागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चिठ्ठी रांगेतल्या माणसाला थांबवून भरली जाते. ही सगळी कामे काउंटरचा वेळ खातात, म्हणून तीही मोजणीत हवीत. बहुतेक वह्यांत ती नसतात आणि मग कागदावरचे दुकान खऱ्या दुकानापेक्षा मोकळे दिसते.

३. सेवा कधी सुरू होते, कधी संपते? सुरू होते ती चिठ्ठी हातात घेतल्यावर. संपते ती पुढच्या माणसाला ‘या’ म्हणता येते तेव्हा. ग्राहक पिशवीत औषधे भरत काउंटरशीच उभा असेल आणि पुढच्याला जागा नसेल, तर सेवा अजून चालूच आहे.

४. कोणता तास? गोव्यात अनेक दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होऊन साडेतीन-चारला उघडतात. बंद होण्याआधीचा अर्धा तास, उघडताना दारात जमलेली माणसे आणि संध्याकाळची वर्दळ ही तीन वेगळी चित्रे आहेत. त्यांची सरासरी काढली तर ती दिवसातल्या कुठल्याच वेळेला लागू पडत नाही. शुक्रवार आणि मंगळवार एकत्र करण्याचेही तेच. आपण फक्त शुक्रवार, १० ते ११ घेत आहोत.

टप्पा २: वही, घड्याळ आणि दारातला माणूस

वहीत पाच रकाने आखा: आला, काउंटरला लागला, सुटला, कोणता काउंटर, शेरा. सर्वांनी एकाच घड्याळावरून वेळ लिहायची. एकाने भिंतीवरचे आणि दुसऱ्याने मोबाईलचे पाहिले तर दोन मिनिटांचा फरक थेट प्रतीक्षेत शिरतो.

मोजणारा काउंटरच्या मागे बसवू नका, दाराशी बसवा. काउंटरमागून फक्त आत आलेली माणसे दिसतात. उंबऱ्यापर्यंत येऊन, रांग बघून परत फिरणारा माणूस दारातूनच दिसतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. त्याची वेळ लिहा आणि शेऱ्यात ‘परतला’ म्हणा. रांगेत थोडा वेळ उभा राहून कंटाळून गेला तर ‘सोडून गेला’.

कर्मचाऱ्यांना आधी सांगा की मोजणी रांगेची आहे, त्यांची नाही. तरीही पहिल्या दिवशी सगळे जरा जास्तच चपळाईने काम करतात. म्हणून पहिला दिवस सरावाचा धरा आणि त्याचे आकडे हिशेबात घेऊ नका. त्यानंतर त्याच वाराच्या त्याच तासाच्या निदान चार मोजण्या हव्यात, म्हणजे सेवेच्या शंभराच्या आसपास नोंदी हाती येतील. एका शुक्रवारच्या वीस नोंदींवरून निर्णय घेऊ नका.

*सावधान:* बिलांच्या सॉफ्टवेअरमधून आगमन दर काढू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बिल निघते ते काम संपल्यावर. दोन काउंटर तासाला फार तर ३० जणांना सोडू शकत असतील, तर दारात ४० जण आले तरी बिले तीसच दिसणार. म्हणजे दुकान जितके जास्त तुंबलेले, तितका बिलांचा आकडा जास्त खोटा.

टप्पा ३: तीन आकडे काढा

आगमन दर: त्या तासात आलेली कामे, परत फिरलेल्यांसह. आपल्या उदाहरणात तासाला २४.

सरासरी सेवा वेळ: ‘सुटला’ वजा ‘काउंटरला लागला’, सर्व नोंदींची सरासरी. उदाहरणात ४ मिनिटे. म्हणजे एका काउंटरचा सेवा दर तासाला १५, दोघांचा मिळून ३०.

सेवा वेळेचे प्रमाण विचलन: सेवा वेळ सरासरीच्या साधारण किती इकडेतिकडे होतो, ते. स्प्रेडशीटमध्ये एसटीडीईव्ही (STDEV) हे सूत्र ते देते. उदाहरणात ३ मिनिटे धरू. या आकड्याकडे कुणी बघत नाही, पण टप्पा ६ मध्ये तोच निर्णय फिरवतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, तासाभराच्या वेळेला ग्राहकसंख्येने भागून त्यालाच सेवा वेळ म्हणणे. त्यात काउंटर रिकामा असतानाचा वेळही मिसळतो. दुसरी, एककांची गल्लत: आगमन दर तासात आणि सेवा वेळ मिनिटांत ठेवून दोन्ही एकाच सूत्रात घालणे. उत्तर शेकडो मिनिटांत किंवा सेकंदाच्या अंशात आले तर आधी एकके पाहा.

तपासणी: लिटलचा नियम

पुढे जाण्याआधी वही खरी आहे का, ते बघा. मोजणीच्या तासात दर पाच मिनिटांनी दुकानात किती ग्राहक आहेत ते वेगळ्या कागदावर लिहायचे, रांगेतले आणि काउंटरवरचे मिळून. त्यांची सरासरी म्हणजे आगमन दर गुणिले एका ग्राहकाचा दुकानातला सरासरी वेळ. हे नाते जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केले, आणि त्याला आगमन किंवा सेवेच्या विशिष्ट नमुन्याची अट नाही, म्हणून तपासणीसाठी याच्यासारखे साधन नाही. एवढेच लक्षात ठेवा की इथे आगमन दरात फक्त आत थांबलेले घ्यायचे, उंबऱ्यावरून परतलेले नाहीत.

समजा कुणीच परतले नाही आणि दर पाच मिनिटांची सरासरी ४.१ आली. ४.१ भागिले २४ म्हणजे तासाचा ०.१७ भाग, सुमारे १० मिनिटे. वहीतही प्रतीक्षा आणि सेवा मिळून १० च्या आसपास यायला हवेत. वही ७ मिनिटे सांगत असेल तर काही माणसांची ‘आला’ची वेळ उशिरा लिहिली गेली आहे. गर्दीत मोजणारा मागे पडतो आणि मग तिघांच्या वेळा एकदम लिहितो. अशी मोजणी पुन्हा करा. मात्र तास सुरू होताना आणि संपताना रांग साधारण सारखी असेल, तरच ही तुलना बरोबर बसते.

टप्पा ४: भार काढा, आणि तो १ च्या किती जवळ आहे ते बघा

भार म्हणजे आगमन दर भागिले सर्व काउंटरांचा मिळून सेवा दर. २४ भागिले ३० म्हणजे ०.८०. काउंटर ८० टक्के वेळ कामात आहेत.

इथे मालक म्हणतात, ‘म्हणजे २० टक्के वेळ माणसे मोकळीच आहेत, मग रांग का?’ कारण ग्राहक समान अंतराने येत नाहीत. पेडण्याहून बस आली की चौघे एकदम आत शिरतात आणि मग सहा मिनिटे कुणी नाही. मोकळी गेलेली ती सहा मिनिटे साठवून पुढच्या गर्दीत वापरता येत नाहीत.

भार १ किंवा त्याहून जास्त आला तर इथेच थांबा. पुढची सूत्रे चालणार नाहीत. तिथे साधी बेरीज-वजाबाकी करा. समजा १० ते ११ मध्ये ३६ आले आणि ३० सुटले, तर ११ वाजता सुमारे ६ जण शिल्लक. पुढच्या तासात २४ आले आणि क्षमता ३० असेल, तर ती शिल्लक संपायला १२ वाजतील. म्हणजे अकराला येणाऱ्याला सुमारे १२ मिनिटे थांबावे लागेल. उघडताना दारात जमलेल्या माणसांचा हिशेबही असाच करायचा.

टप्पा ५: प्रतीक्षा काढा

दोन काउंटर आणि मिळून एकच रांग असेल, तर थांबावे लागण्याची शक्यता अशी:

२ × भार × भार ÷ (१ + भार)

०.८० घालून ०.७१. दहापैकी सात जणांना थोडे तरी थांबावे लागते. सरासरी प्रतीक्षा म्हणजे ही शक्यता भागिले (एकूण सेवा दर वजा आगमन दर). ०.७१ भागिले ६, म्हणजे ०.११८५ तास, सुमारे ७ मिनिटे.

भागाकाराखालचा तो ६ नीट बघा. क्षमता आणि आगमन यांतली फट म्हणजे प्रतीक्षेचे मूळ. तासाला २४ ऐवजी २७ जण आले तर फट ३ होते, भार ०.९० होतो आणि प्रतीक्षा १७ मिनिटांवर जाते. तासाला फक्त तीन माणसे वाढली. २८.५ वर भार ०.९५ आणि प्रतीक्षा ३७ मिनिटे. ‘गेल्या महिन्यापर्यंत ठीक होते, एकदम काय झाले कळत नाही’ ही तक्रार येते ती इथून.

तीन काउंटरांचे सूत्र थोडे लांब आहे. आधी एकूण काम काढा: आगमन दर गुणिले सेवा वेळ तासात, इथे १.६. मग

क = (१.६ × १.६ × १.६ ÷ ६) × ३ ÷ (३ − १.६) = १.४६

थांबण्याची शक्यता = क ÷ (१ + १.६ + १.६ × १.६ ÷ २ + क) = ०.२७

तिला (४५ − २४) ने भागले की प्रतीक्षा सुमारे ४७ सेकंद. स्प्रेडशीट शोधणाऱ्यांनी ‘एर्लांग सी’ (Erlang C) या नावाने शोधावे, हेच सूत्र मिळते.

*सावधान:* दोन काउंटरांसमोर दोन वेगळ्या रांगा असतील तर वरचे ७ मिनिटे तुमचे नाहीत. प्रत्येक रांगेला तासाला १२ जण आणि सेवा दर १५ धरून एका काउंटरचे सूत्र लावा: ०.८० भागिले ३, म्हणजे १६ मिनिटे. माणसे या रांगेतून त्या रांगेत उड्या मारतात म्हणून खरा आकडा ७ आणि १६ च्या मध्ये कुठेतरी असेल.

टप्पा ६: चढउतारांची दुरुस्ती

वरची सूत्रे असे धरून चालतात की ग्राहक कधीही, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे येतात आणि सेवा वेळेचे प्रमाण विचलन सरासरीइतके असते. तुमचे दुकान तसे असेलच असे नाही.

सेवेसाठी: विचलन भागिले सरासरी, ३ ÷ ४ = ०.७५, त्याचा वर्ग ०.५६. आगमनासाठी: लागोपाठच्या दोन आगमनांमधली अंतरे घ्या आणि तेच करा. ग्राहक सुटे सुटे येत असतील तर उत्तर १ च्या आसपास येते. दोन वर्गांची बेरीज अर्धी करा आणि प्रतीक्षेला तिने गुणा. (१ + ०.५६) ÷ २ = ०.७८, म्हणून ७.१ मिनिटांचे ५.५ होतात. बसमुळे ग्राहक घोळक्याने येत असतील आणि आगमनाचा वर्ग १.८ निघाला, तर गुणक १.१८ आणि प्रतीक्षा ८.४ मिनिटे.

हा अंदाज आहे, पण निर्णयाला पुरतो. वहीतल्या खऱ्या प्रतीक्षेशी तो ताडून बघा. मिनिट-दीड मिनिटाचा फरक चालेल. दुपटीचा असेल तर मागे जा. बहुधा टप्पा १ मधली ‘न दिसणारी कामे’ राहिलेली असतात.

टप्पा ७: बदल करा, पण याच क्रमाने

*आधी रांग एक करा.* याला खर्च नाही. जमिनीवर एक पट्टी किंवा हातात टोकन पुरे. ज्येष्ठांसाठी दोन खुर्च्या आणि टोकन असेल तर उभे राहायचीही गरज नाही.

*मग सेवा वेळेचे तुकडे करा.* एका ग्राहकाजवळ उभे राहून बघा. चिठ्ठी उलगडून वाचणे ४० सेकंद. कपाटातून औषध काढणे, कात्रीने पट्टी कापणे ७५. बिल ४५. पैसे ५०, त्यातला बराच वेळ यूपीआयचा आवाज येईपर्यंत दोघेही फोनकडे बघत असतात. ‘काका, ही सकाळी जेवणाआधी, ही रात्री’ असे सांगणे ३०. मिळून चार मिनिटे. क्यूआर कोड ग्राहकाच्या बाजूला लावला आणि औषधाची माहिती सांगतानाच पैसे येऊ दिले, सुट्टे पैसे सकाळीच मोजून ठेवले, रोज लागणारी औषधे हाताच्या अंतरावर आणली, की तीस सेकंद सहज वाचतात.

चारऐवजी साडेतीन मिनिटे घालून टप्पा ५ पुन्हा करा. एकूण सेवा दर ३४.३, भार ०.७०, थांबण्याची शक्यता ०.५८, प्रतीक्षा ३.४ मिनिटे. अर्धे मिनिट वाचले आणि प्रतीक्षा निम्म्याहून कमी झाली, तेही एकाचाही पगार न वाढवता.

*सावधान:* शेवटचे ३० सेकंद कापू नका. औषध कसे घ्यायचे हे सांगणे हे फार्मसीचे कामच आहे. दुसरीकडेही असे एक पाऊल असते. पतसंस्थेत नोटा दुसऱ्यांदा मोजणे हे तसेच. वेळ वाचवायचा तो वाट बघण्यातला.

*मग हलवता येणारी कामे त्या तासातून काढा.* एमआरना दुपारी बारानंतरची वेळ द्या, माल संध्याकाळी उतरवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या चिठ्ठ्या साडेअकराला भरा. दर महिन्याच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना मंगळवार-बुधवारी या म्हणून सांगितले तर त्यांनाही बरे पडते.

*तिसरा माणूस सर्वांत शेवटी,* आणि तोही फक्त त्या गर्दीच्या तासासाठी. यासाठी सरासरी पुरत नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त कितीजण थांबतात ते काढा. थांबण्याची शक्यता गुणिले २.७१८ चा घात, आणि घातांक म्हणजे वजा (फट × वेळ तासात). टप्पा ६ ची दुरुस्ती न करता, आहे त्या स्थितीत हे २६ टक्के येते. सेवा साडेतीन मिनिटांवर आणल्यावर १० टक्के. तिसरा काउंटर उघडला तर १ टक्क्याहूनही कमी. दहातला एक ग्राहक दहा मिनिटांहून जास्त थांबणे तुम्हाला मान्य आहे की नाही, हे गणित सांगणार नाही. तापलेले मूल कडेवर घेऊन उभी असलेली आई त्या एकात असू शकते, हे मनात ठेवून ठरवा.

हे सूत्र जिथे लावू नये

रायबंदर-चोडण फेरीबोटीला हा हिशेब लागू होत नाही, कारण बोट एकेकाला नाही तर सगळ्यांना एकदम घेते. तिथे दोन फेऱ्यांमधले अंतर आणि ते किती अनियमित आहे हे मोजा, आणि पहिल्या बोटीत न मावलेली वाहने वेगळी लिहा. डॉक्टरांच्या दवाखान्यात सगळे सकाळीच येऊन नंबर लावतात. तिथे टप्पा ४ मधली बेरीज-वजाबाकी करा. खरा उपाय तिथे वेळा वाटून देण्यात आहे.

टप्पा ८: पुन्हा मोजा

एका वेळी एकच बदल करा, दोन शुक्रवार जाऊ द्या, मग तीच वही, तोच तास, तोच दारातला माणूस. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. ‘परतला’ हा शेरा या वेळी आधी मोजा. रांग लहान झाली की पूर्वी परत फिरणारे आत येऊ लागतात आणि टिकतात, म्हणून बिले वाढली तरी प्रतीक्षा हिशेबाइतकी उतरत नाही. पूर्वी ‘परतला’ लिहिले नसेल तर बदल फसला असे वाटून लोक जुन्या पद्धतीवर जातात. नवा आगमन दर घालून टप्पा ४ पासून पुन्हा या.

गणेश चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यासाठी वेगळे पान ठेवा. माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे) सामान घ्यायला बाजारात आलेली माणसे त्याच फेरीत औषधेही नेतात, आणि गावी जाणारे महिन्याच्या गोळ्या आधीच घेऊन ठेवतात, त्यामुळे आगमन दर आणि सेवा वेळ दोन्ही बदलतात. ते आकडे वर्षभराच्या सरासरीत मिसळू नका. त्या आठवड्याचा भार वेगळा काढा, आणि तिसरा माणूस हवा की नको ते त्यावरून पुढच्या चतुर्थीच्या महिनाभर आधी ठरवा.